मैदान सोडवत नाही, मग शिकायचं काय?

पत्र :

ताई, मी वाळवा तालुक्यातली. वय २२. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, ७१ टक्के पडले. आठवीपासून खो-खो खेळते, विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं होते. दुसऱ्या वर्षाला खांबावर वळताना डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. आता चालते, पळते, पण खेळायचं म्हटलं की पाय कापतात. त्या नऊ महिन्यांत फिजिओ मॅडमकडे जाऊन-येऊन ठरवलं की आपण ‘स्पोर्ट्स सायन्स’ करायचं. पण कोणी म्हणतं फिजिओथेरपीतलं एम.पी.टी. कर, कोणी म्हणतं शारीरिक शिक्षणातलं एम.पी.एड. कर. कोल्हापुरात एका कन्सल्टन्सीत गेलो तर त्यांनी इंग्लंडचं एक वर्षाचं एम.एस्सी. सांगितलं, सगळं धरून ३२ लाख. बाबा अर्धा एकर काढायला तयार आहेत. भाऊ म्हणतो, बी.एड. कर आणि गप्प बस. मला मैदानाच्या जवळ राहायचंय, एवढंच कळतं. काय करू?
— खो-खोवाली

उत्तर :

अगं, आधी अर्ध्या एकराचं बोलू. बाकी सगळं पुढेमागे करता येतं, खरेदीखत झालं की ते परत फिरत नाही. बाबांना माझा निरोप सांग, यंदा काही काढायचं नाही. का, ते खाली येईलच. भावाशी मात्र वाद घालत बसू नकोस. त्याचा सल्ला मला पटत नाही, पण त्याची काळजी खोटी नाही. अशा माणसाला बोलून काही पटत नाही, वर्षभराने पहिला पगार हातात ठेवलास की पटतं.

आता ‘स्पोर्ट्स सायन्स’. आठवडी बाजारात धान्याची गल्ली वेगळी, भाजीची वेगळी, जनावरांचा बाजार तर गावाबाहेरच. सगळ्याला मिळून आपण ‘बाजार’ म्हणतो, पण बैल घ्यायला निघालेला माणूस भाजीच्या गल्लीत शिरत नाही. तुझं सध्या तेच चाललंय.

म्हणून मला एक सांग. तू कडेला बसून सामना बघतेस तेव्हा तुझे डोळे कशावर असतात? सूर मारणाऱ्या पोरीचा पाय कुठे पडला, गुडघा आत वळला का, खांबाला वळसा घेताना अंग किती कललं, हे दिसत असेल तर तो बायोमेकॅनिक्सचा रस्ता. चौथ्या मिनिटाला हिलाच धाप का लागली, तिच्या जोडीदारणीला का नाही, हे खुपत असेल तर एक्सरसाइज फिजिऑलॉजी. शेवटच्या डावात हातपाय गार पडलेली पोर बघून तुझाच जीव खालीवर होत असेल तर क्रीडा मानसशास्त्र. आणि ‘हिला दोन महिने माझ्या हातात द्या, उड्या, वजनं, धावणं सगळं करून घेते’ असं वाटत असेल तर स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग, बोलीत एस अँड सी. यातलं हे शेवटचं काम रोज मैदानावर असतं. बायोमेकॅनिक्सवाल्याचा बराचसा आठवडा संगणकासमोर व्हिडिओची एकेक चौकट पुढे सरकवण्यात जातो. ‘मैदानाच्या जवळ’ राहायचं म्हणणारीने हे आधी ऐकलेलं बरं.

एक नाजूक गोष्ट विचारते, रागावू नकोस. तुला हे शिकायचंय, की खेळायचंय?

मी स्वतः धावायचे. नडगीच्या हाडाला तडा गेला आणि दोन मोसम हुकले, मग या क्षेत्रात आले. पहिली दोन वर्षं मी ट्रेडमिलवर धावणाऱ्या पोरींचा मनातून हेवा करत होते. एखादी लवकर थकली की बरं वाटायचं, हे आज सांगायलाही लाज वाटते. दुखापतीच्या दारातून आत आलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि ते दार वाईट नाही. पण खेळ संपलाय की नुसती भीती बसलीय, याचा निकाल न लावता आत आलं की तो हिशेब वर्षानुवर्षं उघडा राहतो. तुझ्या पत्रात ‘डॉक्टरांनी खेळायला मनाई केली’ असं कुठेच नाही. म्हणजे बहुधा भीती आहे. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर परत खेळायला सोडताना आता नुसते महिने मोजत नाहीत. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत आली का, ते बघतात. तुझी ही तपासणी झाली होती का? नसेल तर मॅडमकडे परत जा आणि करून घे. तू २२ वर्षांची आहेस. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. तू त्या संघात जाशील असं मी म्हणत नाही. पण दार बंद झालंय असं कोणी सांगितलेलं नसताना तू स्वतःच कडी घालू नकोस. एखादा मोसम खेळून मग शिकलीस तरी कुठली ट्रेन चुकत नाही.

आता ज्या दोन सल्ल्यांनी तुझं डोकं फिरलंय ते उरकू. एम.पी.टी. तुला करता येत नाही. त्याला आधी बी.पी.टी., म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, लागते आणि बी.पी.टी. बारावीनंतर सुरू होते, म्हणजे इंटर्नशिप धरून परत साडेचार-पाच वर्षं. फिजिओच व्हायचं असेल तर तेही करावं, चाळिशीत डॉक्टर झालेली माणसं आहेत. पण ‘एम.पी.टी. कर’ म्हणणाऱ्याने बी.एस्सी. झालेल्या मुलीला बंद दाराचा पत्ता दिलाय.

एम.पी.एड.चं तसं नाही, पण तिथेही आधी बी.पी.एड. किंवा बी.पी.ई.एस. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. बी.पी.एड. आता दोन वर्षांचं, एम.पी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे चार वर्षं. प्रवेशाच्या सीईटीत मैदानी चाचणी असते, ती या गुडघ्याने द्यायची. हा रस्ता शाळेतल्या क्रीडाशिक्षकाचा, आणि पुढे नेट-सेट होऊन कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काय किंवा पुण्याचं आगाशे कॉलेज काय, महाराष्ट्रातल्या पिढ्या तिथे घडल्या. अमरावतीच्या मंडळाचं पथक तर १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. शिकवण्याची आवड असेल तर यासारखं काम नाही. पण शिक्षक व्हायचंय असं तुझ्या पत्रात एका ओळीतही नाही, आणि भरतीची वाट बघण्यात किती जणांचं तारुण्य जातं ते तुझ्याच गावात दिसेल.

राहिलं तुझं प्राणिशास्त्र. ते वाया गेलं असं समजू नकोस. स्नायू कसा आकुंचन पावतो, रक्तातून ऑक्सिजन कसा जातो, हे तू शिकलीयस, आणि एक्सरसाइज फिजिऑलॉजीचा पाया तोच. बंगालमध्ये फिजिऑलॉजी हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. या क्षेत्रात बंगाली नावं पुष्कळ दिसतात, त्यामागे हे एक कारण आहेच. आपल्याकडे तुझ्यासारखे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी त्या जागेच्या सर्वांत जवळचे.

चेन्नईला तामिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ आहे, २००५ पासून. शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र यांचं तिथे वेगवेगळं शिक्षण मिळतं, सगळ्याची एकत्र खिचडी नाही. अमृतसरला गुरू नानक देव विद्यापीठात क्रीडाविज्ञान आणि वैद्यकाचा विभाग आहे, केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाच्या पाठबळावरचा. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ची, पण तिचा कणा शारीरिक शिक्षणाचा. पतियाळाची नेताजी सुभाष संस्था, जिला सगळे नुसतं ‘एनआयएस’ म्हणतात, ती कोच घडवते. इंफाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ २०१८च्या कायद्याने झालेलं, त्यामानाने नवं. आहाराकडे ओढ असेल तर मुंबईत जुहूला एस.एन.डी.टी.मध्ये स्पोर्ट्स सायन्स, फिटनेस आणि न्यूट्रिशनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पात्रता मात्र दरवर्षी त्या-त्या माहितीपत्रकात स्वतः वाचायची. ‘जीवशास्त्रातील कोणतीही पदवी’ ही ओळ एका वर्षी असते, दुसऱ्या वर्षी गळते.

आणि प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन यायचं. ‘लॅबमध्ये मशीन आहे का’ असं विचारू नकोस. मशीन सगळीकडे असतं, बऱ्याच ठिकाणी चादरीखाली असतं. कॅलिब्रेशनच्या गॅसचा सिलिंडर कधी भरून आणला ते विचार. खेळाडूच्या तोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजायच्या आधी ते यंत्र ठरलेल्या मिश्रणाच्या गॅसने आणि तीन लिटरच्या पिचकारीने जुळवून घ्यावं लागतं. रोजच्या वापरात सिलिंडर संपतो. तो तीन वर्षांपूर्वीचा आणि भरलेला असेल तर तिथे तू पीपीटी बघून एम.एस्सी. होणार, हे ओळख. चाचण्यांची नोंदवही बघायला माग, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला चहाला ने. चहाच्या टपरीवर जे कळतं ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

हे काम हाताचं आहे, म्हणून एवढं सांगतेय. माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. डिसेंबरची सकाळ, सहा वाजलेले, एक मध्यम पल्ल्याची धावपटू, वॉर्मअप झालेला. कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्यातलं लॅक्टेट, म्हणजे जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारं द्रव्य, मोजायचं. माझ्या यंत्रावर आकडा आला ११. सर जवळ आले, आकड्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. ती माझ्याशी हसून गप्पा मारत होती. म्हणाले, ‘हिच्या रक्तात अकरा असतं तर ही आत्ता वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभी असती. घाम पुसलास?’ नव्हता पुसला. घामातही लॅक्टेट असतं, तो थेंबात मिसळला की आकडा फुगतो. पाळी स्वच्छ पुसायची, कोरडी करायची, टोचायचं, पहिला थेंब टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. परत घेतला तेव्हा दोनच्या खाली आला. ही ओळ पुस्तकात होती आणि मी पाठही केली होती, पण परीक्षेत थेंब घ्यायला कोणी लावलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. एका कबड्डीच्या अकादमीतल्या पोरांच्या चाचण्या करून मी कोचना बारा पानांचा इंग्रजी रिपोर्ट दिला, आलेखांसकट. आठवड्याने गेले तर त्यांनी प्रेमाने बसवलं, भडंग दिलं. कागदावर दिलं. कागद माझाच होता, पान सात. राग आला, पण चूक माझी होती. दुसऱ्या वेळी मी अर्ध्या पानावर मराठीत लिहून दिलं : अमुक तीन पोरांना चढाईनंतर दम भरायला वेळ लागतो, त्यांना आठवड्यातून दोनदा असं-असं पळवा, सहा आठवड्यांनी परत बघू. तो कागद त्यांनी फळ्यावर लावला. तुझ्याकडे खेळाची बोली आहे. पाटी, खांब, साखळी, हुलकावणी हे शब्द तुला शिकवावे लागत नाहीत. शहरातून पदवी घेऊन आलेल्या पोरांना ते यायला दोन वर्षं लागतात. ही तुझी जमेची बाजू, ती ७१ टक्क्यांहून मोठी आहे.

आता ते ३२ लाख. इंग्लंडमध्ये शिक्षण चांगलं आहे, यात वाद नाही. क्रीडाविषयांच्या जागतिक यादीत तिथलं लफबरो विद्यापीठ वर्षानुवर्षं अगदी वर असतं आणि तिथल्या प्रयोगशाळा बघून डोळे दिपतात. पण एक वर्ष म्हणजे खरे नऊ-दहा महिने आणि मग प्रबंध. ज्याला काय विचारायचं ते ठाऊक असतं तो त्या नऊ महिन्यांत सोनं करतो. बाकीच्यांचा निम्मा वेळ थंडीची सवय होण्यात जातो. शिकल्यावर तिथे राहून काम शोधायला आजवर दोन वर्षांचा व्हिसा मिळायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचा झालाय. कन्सल्टन्सीने हे सांगितलं का? आणि ‘नोकरी पक्की’ म्हणाले असतील तर ते कागदावर लिहून माग. मग चहासुद्धा विचारणार नाहीत. परदेशी शिष्यवृत्त्यांचा एक काटाही ध्यानात ठेव. आपल्याकडच्या काही सरकारी योजना विद्यापीठाची एकूण जागतिक क्रमवारी बघतात, विषयाची नाही. क्रीडाविषयात पहिल्या रांगेतलं लफबरो एकूण यादीत अलीकडे दोनशेच्या बाहेर असतं.

पैशाच्या अंगाने बघितलं तर जर्मनी जास्त समजूतदार. कोलोनला १९४७ पासून फक्त क्रीडेचंच विद्यापीठ आहे. शिकवणीची फी नाही, सत्राचं किरकोळ शुल्क भरायचं. मात्र राहण्याखाण्याचे वर्षाचे सुमारे बारा हजार युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि इंग्रजीतले अभ्यासक्रम मोजकेच. बाकीच्यासाठी जर्मन शिकावं लागतं, तीही कामापुरती नाही, नीट. ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा मान्यताप्राप्त पेशा आहे, मधुमेही, हृदयरोगी अशा माणसांना व्यायाम देतात. पण त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आधी एक्सरसाइज सायन्सची पदवी मागतात, प्राणिशास्त्र सहसा पुरत नाही. अमेरिकेत विद्यापीठातच काम करून फी माफ होण्याची सोय असते, ती मिळवायला संशोधनाचा किंवा कोचिंगचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे कुठूनही निघालं तरी गाडी त्याच स्टेशनात थांबते. आधी काम केलेलं असावं लागतं.

म्हणून माझं मत असं, की हे वर्ष मैदानावर घालव. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अकादम्या, तालमी, क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथल्या एस अँड सी कोचच्या हाताखाली राहा. पगार नाममात्र असेल, कदाचित नुसतं जेवण असेल. सकाळ-संध्याकाळ मैदान आणि दुपारी दोन गोष्टी शिकायच्या. एक, संख्याशास्त्र. खेळाडू पोरं याला सगळ्यात जास्त टाळतात आणि पुढे याच्यावरच अडतात. दोन, इंग्रजी वाचन, बोलण्याचा क्लास नाही. दोन कोर्सही बघून ठेव. आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कोर्सच्या पहिल्या पातळीत शरीराची मापं घ्यायला शिकवतात, आठ ठिकाणची त्वचेची घडी चिमट्याने कशी मोजायची ते तिथे हाताला बसतं. आणि एस अँड सीमध्येच जायचं ठरलं तर अमेरिकेतल्या एनएससीए या संस्थेची सीएससीएस ही एस अँड सी कोचची परीक्षा. सध्या तिला कोणतीही पदवी चालते, पुढे ही अट कडक होणार आहे, त्यामुळे फार लांबवू नकोस. पुस्तक जाडजूड आहे, पण परीक्षा घरच्या अभ्यासावर निघते.

साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, भरतीच्या जाहिराती आत्तापासून वाचायला लाग. अर्ज करायला नव्हे. फिजिऑलॉजिस्ट, एस अँड सी एक्स्पर्ट, न्यूट्रिशनिस्ट अशा पदांना कोणती पदवी, कोणतं सर्टिफिकेट, किती वर्षांचा अनुभव मागतात ते एका वहीत उतरवून काढ. बरीचशी पदं कंत्राटी असतात, तेही बाबांपासून लपवू नकोस. पाच-सहा जाहिराती वाचून झाल्या की कुठलं एम.एस्सी. घ्यायचं हे मला विचारावं लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये चेन्नई किंवा अमृतसर, नाहीतर परत मैदान, असा निवाडा तुझा तूच करशील. परदेश त्यानंतर. तेव्हा एखादा प्रश्न घेऊन जाशील. तुला एक सुचवून ठेवते. खो-खो मातीतून मॅटवर आला, बूट आले, पकड वाढली. खांबाला गर्रकन वळताना गुडघ्यावर येणारा पीळ मातीवर किती आणि मॅटवर किती? फुटबॉलवर कपाटं भरतील इतकं लिहिलंय, आपल्या खेळावर त्या मानाने काहीच नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर ज्या गुडघ्याला हवंय तो तुझाच आहे.

एम.एस्सी.ची वाट न बघता येत्या रविवारपासून एक काम सुरू कर. सकाळी उठल्यावर, व्यायामाच्या आधी, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर पेनाने खूण कर आणि तिथे दोन्ही मांड्यांचा घेर मोज. उभं राहून, भार दोन्ही पायांवर सारखा. प्रत्येक मांडी तीनदा मोजायची, तिन्ही आकडे लिहायचे, सरासरी नंतर. डावी बारीक निघेल, घाबरू नकोस. टेप शिंप्याकडचा चालेल, पण दर रविवारी तोच घे, आणि मोजणारी आईच असू दे, एकदा आई एकदा वहिनी असं नको. आठ रविवार झाले की वही पाठव.